इटालियन डबिंगमधे यायचंय? आधी ॲक्सेंटचं काय ते ठरवा

मी रोममधे डबिंग करते असं कळलं की दोन तऱ्हेची माणसं विचारायला येतात. एक मुंबईतली, हिंदी-मराठी डबिंगमधे मुरलेली मंडळी. "ताई, तिकडे काही चान्स आहे का?" दुसरी इथलीच मुलं. मिलान, ब्रेशा, रोममधे वाढलेली, घरात मराठी आणि दाराबाहेर इटालियन बोलत मोठी झालेली, आणि कुणीतरी "तुझा आवाज काय छान आहे गं" म्हटल्यापासून झोप उडालेली.

पहिल्या मंडळींना मी तोंडावर सांगते, नाही. आवाज कितीही कसलेला असो, इटालियनच्या सगळ्या परीक्षा पास झालेल्या असोत, तरी नाही. इथला प्रेक्षक टॉम क्रूझला लहानपणापासून इटालियनमधेच ऐकत आलाय. शब्दाला जरा परका वास आला की त्याचं लक्ष पडद्यावरून उडतं. मोठेपणी शिकलेल्या भाषेत हे काम होत नाही. अपवाद असतील, पण अपवादाच्या भरवशावर रोमचं घरभाडं भरता येत नाही.

हे लिहितेय ते दुसऱ्यांसाठी. सिंक म्हणजे ओठांशी आवाज जुळवणं, टेक म्हणजे एकदा केलेलं रेकॉर्डिंग, एवढं तुम्हाला माहीत आहे असं धरून चालते.

माझ्याबद्दल दोनच गोष्टी. बाबा एफएओत, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत, नोकरीला लागले म्हणून आम्ही रोमला आलो, तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. त्यामुळे माझं इटालियन पुस्तकी नाही, गल्लीतलं आहे, आणि आडनाव अस्सल कोकणातलं. पुढे जे रामायण झालं ते या दोन गोष्टींच्या भांडणातून झालं.

हा धंदा इथे एवढा मोठा का, याचं कारण राजकारणात आहे. १९३० साली फासिस्ट सरकारने पडद्यावर परकी भाषा ऐकू येता कामा नये असा फतवा काढला, आणि १९३३ मधे डबिंग इटलीतच झालं पाहिजे असा कायदा आला. सरकार गेलं, सवय राहिली. इतकी की कित्येक वर्षं इटालियन सिनेमेसुद्धा शूटिंगनंतर आवाज भरून पुरे व्हायचे, आणि तो आवाज त्याच नटाचा असेल असंही नव्हतं. क्लाउडिया कार्दिनाले या गाजलेल्या नटीचा स्वतःचा आवाज लोकांनी ऐकला तो थेट १९६३ मधे, फेलिनीच्या 'ओत्तो ए मेद्झो' ('साडेआठ') या सिनेमात. त्याआधी ती दुसऱ्यांच्या गळ्यातून बोलत होती, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

रोम हे या धंद्याचं माहेर. सिनेमा आणि मोठ्या मालिका बहुतेक इथेच होतात. मिलानला कार्टून, गेम, जाहिराती, डॉक्युमेंटरी. घराणी आहेत, ती लपवून कुणी ठेवत नाही: वॉर्ड भावंडं, इत्सो बहिणी. पुष्कळ जण दूध-दात पडायच्या वयात माईकसमोर उभे राहिलेले असतात. तुम्ही विशीत येणार म्हणजे त्यांच्यापेक्षा दहा-पंधरा वर्षं मागे आहात. हे आधीच पचवा. दार बंद नाहीये, पण ते तुमच्यासाठी कुणी धरूनही ठेवलेलं नाही.

आता रेकॉर्डिंगची खोली. तिला 'साला' म्हणतात, मराठी घरात हा शब्द जपून वापरा. मधोमध 'लेज्जिओ', म्हणजे कागद ठेवायचा स्टँड, वर छोटा दिवा, शेजारी माईक, समोर पडदा. काचेपलीकडे डायरेक्टर आणि 'फोनिको', म्हणजे रेकॉर्डिस्ट. आणि तुमच्याच बाजूला, साधारण हाताच्या अंतरावर, 'अस्सिस्तेन्ते' बसलेली असते. नवखे सगळे काचेपलीकडे बघतात. बघायचं ते हिच्याकडे. सिनेमाचे तुकडे तिने पाडलेले असतात. एकेका तुकड्याला 'आनेल्लो' म्हणतात, कारण पूर्वी फिल्मचा तेवढा भाग खरोखर गोल जोडून पुन्हा पुन्हा फिरवायचे. कुणाचा तुकडा कधी, कोण किती वाजता येणार, हे सगळं तिच्या वहीत. तुमचं वाक्य ओठांपेक्षा लांबलं की आखूड पडलं हेही तीच सांगते. डायरेक्टर "छान" म्हणाला आणि ती गप्प राहिली, तर ते छान नाही.

कामाची पाळी म्हणजे 'तुर्नो', तीन तासांची. त्यात आनेल्लोमागून आनेल्लो. कागदावर वाक्यांच्या आधी खुणा असतात. चेहरा फ्रेमबाहेर असेल तर एक, पाठमोरा असेल तर दुसरी, तिरकी रेघ म्हणजे थोडं थांबा, दोन रेघा म्हणजे जास्त. एकदा मूळ भाषेत ऐकता, एकदा पुटपुटत बसवून बघता, तिसऱ्याला रेकॉर्ड. 'दियालोगिस्ता' ज्याला म्हणतात त्याने संवाद असे लिहिलेले असतात की पडद्यावर ओठ मिटले की तुमच्या वाक्यात प, ब, म पैकी काहीतरी यावं. चांगल्या दियालोगिस्ताचं वाक्य तोंडात आपोआप बसतं. वाईटाचं बसवायला घाम निघतो, आणि बोल मात्र तुम्हाला लागतो.

हल्ली मोठ्या अमेरिकन सिनेमांत तर पडदा जवळजवळ काळा असतो. चोरी होऊ नये म्हणून सगळं झाकलेलं, फक्त बोलणाऱ्याचं तोंड दिसेल एवढं भोक. तुमचं पात्र कुठे उभं आहे, हातात सुरी आहे की चहाचा कप, काही कळत नाही. त्यात पूर्वी दोघं-तिघं एकत्र उभं राहून सीन करायचे, आता जो तो आपलं वेगळं रेकॉर्ड करून जातो. समोरच्या पात्राचं उत्तर अजून इंग्रजीतच असतं, आणि तुम्ही एका ओठांच्या जोडीशी भांडत उभे. म्हणूनच माझं ठाम मत आहे की आधी नाटक करा. ज्याने रंगमंचावर समोरच्याचं ऐकायची सवय लावून घेतलीय त्यालाच त्या काळ्या पडद्यात माणूस दिसतो. सिंक वर्षभरात येतं. ऐकणं येत नाही.

आता मूळ मुद्दा, आणि यावर मी पाल्हाळ लावणार आहे, आधीच माफी मागते.

तुमचं आडनाव कुळकर्णी किंवा सावंत आहे. चेहरा आमच्यासारखाच. पहिला फोन येईल तो बहुतेक असा: "सीरीजमधे एक भारतीय बाई आहे, तीन-चार वाक्यं आहेत, ॲक्सेंटमधे करशील ना?" तुम्ही आनंदाने उड्या माराल. मीही मारल्या होत्या. बाबांनी पेढे आणले असते, पण रोममधे पेढे कुठले, जिलातो, म्हणजे इथलं आइस्क्रीम, आणला.

पहिलं काम दुकानदारणीचं होतं. नायक दुकानात येतो, ती म्हणते दूध संपलंय, तो जातो. मी माझ्या नेहमीच्या इटालियनमधे वाक्य म्हटलं. काचेपलीकडून डायरेक्टर अगदी प्रेमाने म्हणाला, "छान, पण जरा जास्त भारतीय." मी आईचं इटालियन आठवून केलं. "अजून." आईचं इटालियन खरं तर सुंदर आहे, फक्त अव्ययं इकडची तिकडे होतात. त्याला ते नको होतं. त्याला हवं होतं ते मान डोलवणारं, क्रियापदं न चालवता नुसती मूळ रूपं फेकणारं, र फिरवणारं काहीतरी, जे मी आजवर एकाही भारतीयाच्या तोंडून ऐकलेलं नाही. लोम्बार्दियातल्या, म्हणजे मिलानच्या बाजूच्या, गोठ्यांत काम करणारे पंजाबी बघा. त्यांच्या इटालियनला पंजाबीचा ठसका असतो आणि वर तिथल्या बोलीचा. रोमच्या दक्षिणेला आग्रो पोन्तिनोच्या शेतांवरचे पंजाबी लात्सिओच्या, म्हणजे रोमच्या प्रांताच्या, वळणाने शिव्या देतात. सिनेमातला 'भारतीय ॲक्सेंट' यातला कुठलाच नाही. अमेरिकन सिनेमातल्या भारतीय इंग्रजीची ती सावली आहे, इटालियनवर पाडलेली. मूळ नटीचं इंग्रजी निदान कुठल्यातरी गावचं असतं. त्याचं इटालियनमधे जे होतं ते कुठल्याच गावचं नसतं.

पण सापळा हा अपमानाचा नाही. अपमान गिळता येतो, नटांचं पोट त्यावरच भरतं. सापळा हिशोबाचा आहे, तो नीट समजून घ्या.

इथे पैसे दोन भागांत मिळतात: हजेरीचं ठरलेलं, आणि वर ओळींप्रमाणे. ॲक्सेंटची पात्रं कधीच लांब नसतात. डॉक्टर, टॅक्सीवाला, शेजारीण, कॉलसेंटरचा आवाज. म्हणजे तुम्ही येता, चार ओळी करता, घरी जाता. महिन्यात अशी दोन-तीन कामं आली तरी भाडं निघत नाही, म्हणून दुसरी नोकरी धरावी लागते. ती दिवसाची असते, तुर्नोही दिवसाचेच. मग अचानक आलेल्या फोनला नाही म्हणावं लागतं, आणि नाही म्हणणाऱ्याला पुन्हा फोन येत नाही.

त्याहून वाईट पुढे. डायरेक्टर तुम्हाला ओळखतो तो त्या बनावट ॲक्सेंटमुळेच. त्याने तुमचं साधं इटालियन ऐकलेलंच नसतं. कॉरिडॉरमधे तुम्ही त्याच्याशी फाडफाड बोलता, तो हसून "वा, किती छान बोलतेस" म्हणतो आणि आत जाऊन विसरतो, कारण कानात बसलेलं असतं ते लेज्जिओपुढचं. अस्सिस्तेन्तेच्या वहीत तुमच्या नावापुढे एक शब्द पडतो: 'भारतीय'. वकील हवी, आई हवी, पोलीस हवी, तेव्हा ती वहीत त्या पानावर येतच नाही. ही वही कुणी दुष्टपणाने लिहीत नाही. तिला सकाळी दहा माणसं जमवायची असतात, ती सोय बघते. पण त्या एका शब्दाने माझी उमेदीची वर्षं खाल्ली. आणि गंमत म्हणजे सगळे माझ्याशी गोड होते.

या देशाचं आणि भारतीय चेहऱ्यांचं नातं तसं मजेदार आहे. १९७६ मधे राईवर, म्हणजे इथल्या सरकारी टीव्हीवर, 'सांदोकान' ही चाच्याची मालिका लागली आणि कबीर बेदी घराघरांत पोचला. आमच्या शेजारच्या आजी मला कितीतरी वर्षं सांदोकानची भाची म्हणायच्या. पण त्यांनी ऐकलेला आवाज कबीर बेदीचा नव्हता, पिनो लोक्कीचा होता. शॉन कॉनरीलाही तोच आवाज द्यायचा. त्यात ॲक्सेंटचा मागमूस नव्हता, कारण नायक होता ना! नायकाला शुद्ध इटालियन, दुकानदाराला डोलणारी मान. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण पाळला मात्र जातो.

ॲक्सेंटवर कुणाचं भलं झालंच नाही असंही नाही. लॉरेल-हार्डीने सुरुवातीच्या बोलपटांत स्वतःच इटालियन वाक्यं घोकून म्हटली होती, भलत्याच अक्षरांवर जोर देत. लोक खो खो हसले, आणि पुढे त्यांचं डबिंग करणाऱ्यांनी तो मोडका उच्चार मुद्दाम राखला. १९३७ मधे हार्डीच्या आवाजासाठी स्पर्धा झाली, ती आल्बेर्तो सोर्दी नावाच्या पोराने, पुढे इटलीचा लाडका नट झालेल्याने, जिंकली. त्याच पोराचे रोमन उच्चार मिलानच्या नाट्यशाळेत आड आले होते. नवखे मला सोर्दीचं उदाहरण देतात. बाबांनो, तो हार्डी होता, सिनेमाभर बोलत होता. तुम्हाला कुणी सिनेमाभर डोलणारी मान देणार नाही.

मग करायचं काय? ॲक्सेंटची कामं सोडायची? मी अशी शपथ घ्यायला सांगणार नाही. पैसे लागतात तेव्हा घ्या, निमूट घ्या, त्यात लाज कसली. पण क्रम सांभाळा. ज्या डायरेक्टरने तुमचं साधं इटालियन एकदा तरी लेज्जिओसमोर ऐकलंय त्याच्याकडेच ॲक्सेंट करा. नवा डायरेक्टर असेल तर आधी म्हणा, "एक टेक साधा देते, मग तुम्हाला हवा तसा." बहुतेक जण हो म्हणतात, तीस सेकंदांचा तर प्रश्न असतो. तो साधा टेक तुमच्यासाठी आहे, सिनेमासाठी नाही. त्याच पाळीत गर्दीचं काम असेल, ज्याला 'ब्रुझीओ' म्हणतात, हॉटेलात मागे बसलेल्या लोकांची कुजबुज वगैरे, तर ते स्वतःहून मागा, आणि तिथे शुद्ध बोला. नमुना म्हणून जो आवाज पाठवता त्यात ॲक्सेंट अजिबात घालू नका, एक सेकंदही नाही. लोक "व्हरायटी दिसते" म्हणून घालतात. व्हरायटी दिसत नाही, कप्पा दिसतो.

आणि एक प्रश्न नेहमी विचारा: "ही बाई कुठली? पुण्याची, लुधियानाची, की लंडनमधे जन्मलेली?" पहिल्यांदा हसतील. पण लंडनमधे जन्मलेली असेल तर ॲक्सेंट कशाला, हे त्यांच्याच तोंडून निघतं कधी कधी. मी एकदा डॉक्टरीणबाईंची अशी सुटका केलीय. पूर्ण सीन साध्या इटालियनमधे गेला, कुणाचं काही बिघडलं नाही.

माझी स्वतःची सुटका झाली ती अशीच आडवाटेने. एका पाळीत नर्सचं काम करणारी मुलगी ट्रॅफिकमधे अडकली. अस्सिस्तेन्तेने मला म्हटलं, "तू तोवर वाचून ठेव, लांबी तरी कळेल." मी वाचलं. तिने कागदावरून मान वर केली, बस. त्या दिवशी नर्स त्या मुलीनेच केली, पण पुढच्या आठवड्यात फोन आला तो एका शिक्षिकेसाठी, आणि तिचं नाव मारिया होतं.

उच्चारांबद्दल थोडं. इथे त्याला 'दित्सिओने' म्हणतात आणि त्याचे क्लास गल्लोगल्ली आहेत. मराठी घरातल्या मुलांना एक बक्षीस फुकट मिळालेलं आहे: इटालियन झेडचे दोन उच्चार. मुलीला म्हणतात त्या रागात्सातला त्स म्हणजे आपल्या चोरातला च, आणि डासाला म्हणतात त्या द्झान्द्झारातला द्झ म्हणजे जोरातला ज. उत्तर-दक्षिणेतली इटालियन मुलं यात धडपडतात, आपल्याला जिभेला ताण नाही. त आणि द सुद्धा दातांवरचे, आपल्यासारखेच. अडतं ते ए आणि ओ वर. दोन्हींचे उघडा आणि मिटका असे दोन प्रकार, लिहिण्यात फरक नाही, अर्थामधे मात्र आहे. मिटक्या ए चं वेन्ती म्हणजे वीस, उघड्याचं म्हणजे वारे. मराठी कानाला ते एकच वाटतं. घोकावंच लागतं, इलाज नाही. राईने १९६९ मधे काढलेला उच्चारकोश आता नेटवर फुकट आहे, त्याच्याशी मैत्री करा.

आणि तुम्ही रोममधे वाढला असाल तर माझ्यासारखं दुहेरी दुखणं. रोमवाले पाचेला पाशे म्हणतात, रोबाला रोब्बा, पेन्सोला पेन्त्सो. मला दित्सिओनेच्या पहिल्या वर्गात बाईंनी डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, "रोमच्या कुठल्या भागातली गं तू?" तेवढ्या पाच मिनिटांत मी कुणालाच भारतीय वाटले नव्हते. तो वर्ग मला फार आवडला.

शाळा. रोममधे डबिंग शिकवणाऱ्या खासगी शाळा पुष्कळ, फी भरमसाठ. भिंतीवर नामवंतांचे फोटो. कुणाचंही नाव न घेता सांगते, जी शाळा "कोर्स संपल्यावर स्टुडिओत काम" असं बोलून दाखवते पण लिहून देत नाही, तिथून उठा. मी उठले नव्हते, फी गेली, शेवटी मिळालं काय तर भिंतीवर लावायचं सर्टिफिकेट. अभिनय शिकायचाच असेल तर सिल्व्हिओ द'आमिको अकादमीसारख्या जागी परीक्षा द्या. १९३६ पासूनची सरकारी संस्था आहे, प्रवेश कठीण, पण तयारी करतानाही माणूस सुधारतो. नाहीच मिळाला तर गावातलं नाटकमंडळ काही वाईट नाही.

गुरूंबद्दल माझं मत लोकांना आवडत नाही. मोठा आवाज म्हणजे मोठा शिक्षक नव्हे. काही थोर मंडळी शिकवतात ती स्वतःची चालच. "असं म्हण" म्हणून म्हणून दाखवतात, आणि वर्गातली सगळी पोरं त्यांचीच लकब घेऊन बाहेर पडतात. रसेल क्रो म्हटलं की लुका वॉर्डचा आवाज, क्लूनी म्हटलं की पान्नोफिनोचा. नवखी मुलं तेच घोटून नमुन्यात पाठवतात. अरे, ते दोघं अजून काम करतायत! त्यांची नक्कल कुणाला कशाला हवी? फेर्रुच्चो आमेन्दोला डी निरो आणि पाचिनो, दोघांचाही आवाज होता. १९९५ च्या 'हीट'मधे दोघं समोरासमोर आले तेव्हा आमेन्दोलाने डी निरो घेतला आणि पाचिनो जानकार्लो जान्नीनीकडे गेला. तिथेही कुणी आमेन्दोलाची नक्कल करणारा शोधला नाही, वेगळा नट आणला. यातून काय घ्यायचं ते घ्या. माझ्यापुरता खरा गुरू म्हणजे लेज्जिओशेजारी बसलेली ती अस्सिस्तेन्ते, आणि तिने कधी फी घेतली नाही.

पूर्वी नवख्यांना साला मधे मागे बसून ऐकू द्यायचे. आता गुप्ततेच्या अटींमुळे ते अवघड झालंय, पण डॉक्युमेंटरी किंवा जुन्या मालिकांच्या पाळीत अजून जमतं. विचारावं लागतं, आणि नकार आला तर महिन्याने पुन्हा विचारावं लागतं. लोक याला लाजतात आणि घरी दोनशे युरोचा माईक आणून कपाटात स्टुडिओ बांधतात. घरचा माईक ऑडिओबुकला ठीक, सिनेमाला काही कामाचा नाही.

कागदपत्रं कंटाळवाणी आहेत, पण नागरिकत्व झालं नसेल तर राहण्याच्या परवान्यावर कुठलं काम चालतं हे आधी बघा. विद्यार्थी परवान्यावर तासांची मर्यादा असते. मानधनातून मनोरंजन क्षेत्राच्या निधीत वर्गणी जाते, ती खरंच भरली जातेय ना हे बघत जा. "रोख देतो, कशाला भानगड" म्हणणारे भेटतात.

२०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमधे इथले डबिंगवाले संपावर गेले, कारण दर वर्षानुवर्षं तसेच होते. त्याच वर्षी डिसेंबरमधे नवा करार झाला, आणि त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल कलम आलं: तुमचा रेकॉर्ड केलेला आवाज मशीनला शिकवायला परस्पर वापरता येणार नाही. म्हणून सही करायच्या आधी कागद वाचा, शेवटच्या पानापर्यंत. कराराबाहेरच्या कुठल्याशा ॲपसाठी "नुसती वाक्यं वाचायची, तासाला चांगले पैसे" असं काम आलं तर आवाज कशाला हवाय ते लेखी विचारा. मी विचारल्यावर पुन्हा उत्तर आलं नाही.

राहिलं ते बारीकसारीक. सालात जाताना बांगड्या, घड्याळ, सळसळणारा ओढणीचा पदर नको, माईक सगळं ऐकतो. बुटांचा आवाज होत असेल तर काढून मोज्यांवर उभ्या राहा, पुष्कळ जण राहतात. माईक स्वतः हलवू नका, फोनिको चिडतात आणि त्यांचं बरोबर असतं. पोट रिकामं ठेवू नका, गुरगुर रेकॉर्ड होते. तुर्नोच्या आदल्या रात्री आमटीत लाल तिखट बेताने. आणि सकाळी फोन हाताशी ठेवा. कुणाला ताप आला की अस्सिस्तेन्ते यादी वरून खाली वाचत जाते, आणि जो पहिल्या रिंगला उचलतो त्याला ती पाळी मिळते.